मुंबईत गव्हाशिवाय जेवायचंय? दादर-माटुंगा गाठा

बायकोला सिलिएक हा आजार आहे, म्हणजे ग्लुटेन (गहू-जवातलं प्रथिन) चालत नाही, गहू, मैदा, रवा, जव सगळं बंद, आणि थोडंसं चालेल का वगैरे प्रश्नच नाही कारण चिमूटभर पोटात गेलं तरी आतड्याला त्रास होतोच. मुंबईला आम्ही कामानिमित्त जातो आणि आधी वाटायचं की बांद्र्याच्या कॅफेंमध्येच काय ते मिळेल. मिळतं की, पण एका ठिकाणी ग्लुटेन-फ्री म्हणून दुप्पट भावाचा ब्रेड घेतला आणि समोरच त्याच टोस्टरमध्ये साधा ब्रेड गेला, मग कसलं फ्री?

आता सरळ दादर. तिथल्या प्रकाश हॉटेलचा साबुदाणा वडा आणि पियुष माहीत नाही असा माणूस विरळा, पण सिलिएकवाल्यांसाठी उपवासाचं मेनूकार्ड म्हणजे लॉटरी आहे राव. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, यात गहू नाहीच आणि उपवासाला बरेच जण हिंगही वापरत नाहीत, हे फार महत्त्वाचं, कारण बाजारातल्या डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं (काही कंपन्या तांदळाचं घालतात, डबीवर वाचा). फक्त वडा घेताना विचारा की त्याच कढईत पुऱ्या किंवा सामोसे तळता का, हो म्हणाले तर गपगुमान खिचडी घ्यायची. साध्या थालीपिठाच्या वाटेला जाऊ नका, भाजणीत गहू असतो, उपवासाचं असेल तरच.

नाश्त्याला माटुंगा. किंग्ज सर्कलजवळचं कॅफे मद्रास 1940 पासूनचं, रविवारी सकाळी रांग बघून घाम फुटतो पण नाचणीचा डोसा खाल्ला की राग जातो. इडली, साधा डोसा म्हणजे तांदूळ-उडीद, पण रवा डोसा, रवा इडली, उपमा यावर फुली मारायची, आणि सांबारात परत तोच हिंग, म्हणून बायको फोडणी न घातलेली खोबऱ्याची चटणी मागते. मेदूवड्यात कुरकुरीतपणासाठी कुणी कुणी रवा ढकलतात, तेही विचारायचं.

मालवणी हॉटेलात जेवण भारी होतं, भात, आमटी, सोलकढी. पण मासे रव्यात घोळवतात ना! "रवा नको, तांदळाचं पीठ लावा" सांगितलं की चांगल्या हॉटेलात करून देतात, पण तव्याचं काय, आधीचा रवा तिथेच चिकटलेला असतो, म्हणून आम्ही तळलेलं सोडून कालवणच घेतो. कोंबडी-वड्याच्या पिठात बऱ्याच ठिकाणी गहू असतो, आणि तांदळाची भाकरी कुठल्या परातीत थापली तेही बघावं लागतं.

एक स्पष्ट सांगतो, यातलं कुठलंच हॉटेल खास ग्लुटेन-फ्री म्हणून चालत नाही, त्यामुळे पाकिटावर ग्लुटेन 20 पीपीएमच्या (दहा लाखात वीस भाग) आत लिहिलेलं असतं तशी खात्री इथे कुणी देणार नाही, ज्यांना फारच त्रास होतो त्यांनी डबाच न्यावा. चवीला आणि खिशाला मात्र बांद्र्यापेक्षा शंभर पटीने बरं. वेटरला "ग्लुटेन" म्हटलं की तो मान हलवून निघून जातो, "गव्हाची अ‍ॅलर्जी आहे, दवाखान्यात न्यावं लागेल" म्हटलं की थेट महाराजाला विचारून येतो. आणि गर्दी नसेल अशा वेळी जा, तेव्हाच नीट उत्तरं मिळतात.