व्हॉट्सॲप बिझनेस, गुगल शीट आणि क्यूआर कोड: स्वतंत्र पर्सनल ट्रेनरचा वर्षभराचा अनुभव

जिममधली नोकरी सोडून पुण्यात कोथरूड, बावधन, बाणेर या पट्ट्यात स्वतःचे क्लायंट घ्यायला लागून आता वर्ष होत आलं. धंदा सांभाळायला रोज तीनच गोष्टी वापरतो: व्हॉट्सॲप बिझनेस, मोबाइलवरची गुगल शीट आणि यूपीआयचा क्यूआर. मध्ये एक सशुल्क ॲपही घेऊन पाहिलं. आमच्याकडे सर्टिफिकेशनवर लोक हजारो रुपये घालतात, पण मी केलेल्या कोर्समध्ये 'क्लायंट कसे मिळवायचे आणि फी कशी घ्यायची' हा भाग एका दुपारी उरकला होता. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे आणि दुसऱ्या नंबरावर त्याच फोनमध्ये चालतं. कॅटलॉग मी हौसेने भरला, फोटो, पॅकेज, सगळं. तो बघून कोणी आल्याचं आठवत नाही. ट्रेनर लोक ओळखीतूनच शोधतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा गुडघा बरा वाटायला लागला की वरच्या मजल्यावरून फोन येतो. लेबल मात्र रोज लागतात. 'चौकशी', 'ट्रायल झाली', 'चालू' आणि 'रिन्यूअल जवळ' एवढी चार पुरतात. ट्रायल झालेल्या माणसाला दोन दिवसांत मेसेज गेला तर बोलणं पुढे सरकतं. आठवडा गेला की 'घरी विचारून सांगतो' यावर विषय संपतो.

सगळ्यात उपयोगी पडला तो क्विक रिप्लाय. आधी पहाटे पावणेसहाला मेसेज यायचा, 'सर, आज नको, पाहुणे आलेत', आणि मी तेव्हा चांदणी चौक ओलांडलेला असायचो. आता पैसे भरतानाच प्रत्येकाला ठरलेला मजकूर जातो: बारा सेशन, पाच आठवड्यांत संपवायची, पैसे आगाऊ, रद्द करायचं तर आदल्या रात्री नऊपर्यंत कळवा, नंतर कळवलं तर सेशन धरलं जाईल. तोंडी सांगितलं असतं तर वाद झाले असते. पण पुण्यात नियम पाटीवर लिहिलेला असला की माणूस कुरकुरतो आणि पाळतो. एक काकू म्हणाल्या, 'अरे, तू तर बँकेसारखं करायला लागलास!' आणि तिथेच उभ्या उभ्या क्यूआर स्कॅन केला.

पण माझा धंदा खरा बदलला तो शीटमधल्या एका कॉलममुळे. क्लायंटचं नाव, फी, सेशनचा वेळ याच्या पुढे मी जाण्यायेण्याची मिनिटं लिहितो आणि मग तासाचा खरा दर काढतो. बाणेरचा एक क्लायंट 800 रुपये देतो. संध्याकाळी सातला त्याच्याकडे जायला चाळीस आणि यायला चाळीस मिनिटं. म्हणजे तासाभराचं सेशन धरून 140 मिनिटांचे 800, तासाला साधारण 343. तोच माणूस सकाळी सहाला घेतला तर रस्ता मोकळा असतो, एका बाजूला वीस मिनिटं, आणि दर जातो 480 वर. कोथरूडमधल्या एका सोसायटीत 600 रुपयांची तीन सेशन लागोपाठ आहेत, जाण्यायेण्याला मिळून वीस मिनिटं. तिथे तासाला 540 पडतात. बाणेरचे 800 या 600 पेक्षा स्वस्त होते, हे डोक्यात कधी आलंच नसतं. त्यानंतर संध्याकाळचे लांबचे क्लायंट घेणं बंद केलं, आणि नवीन चौकशी आली की पहिला प्रश्न विचारतो: 'तुमच्या सोसायटीत आणखी कोणी तयार आहे का?'

शीटमध्ये महिन्यांचाही एक कॉलम आहे. जानेवारीत उत्साह, लग्नसराईच्या आधी नवऱ्या-नवरदेवांची घाई, मे महिन्यात गावाला, गणपतीत दहा दिवस रस्ते बंद, नवरात्रात उपास, दिवाळीला तर कोणीच नाही. त्यामुळे चांगल्या महिन्यातला काही भाग वेगळ्या खात्यात ठेवतो आणि प्रत्येक पॅकेज एकदा 'फ्रीझ' करायची, म्हणजे मध्येच थांबवून नंतर पुढे चालू करायची मुभा देतो. फ्रीझ दिल्यापासून सणानंतर परत येणारे वाढले.

ते सशुल्क ॲप, नाव घेत नाही, दिसायला झकास होतं. व्यायामाचे व्हिडिओ, प्रगतीचे आलेख, सगळं. अडचण एकच, क्लायंटलाही ते डाउनलोड करावं लागायचं. आयटीतली मंडळी करायची, सत्तरीचे काका म्हणायचे, 'तू कागदावर लिहून दे.' मुदत संपल्यावर चालू ठेवलं नाही.

करांचं थोडक्यात: सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. जिम आणि फिटनेस सेवांवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी त्यातून वजा करता येत नाही. बाकी सीएला विचारा.

ट्रायलच्या आधी 'पार-क्यू प्लस' या व्यायामापूर्वीच्या आरोग्य प्रश्नावलीचे सुरुवातीचे सात प्रश्न मी गुगल फॉर्मवर भरून घेतो. एकालाही 'हो' आलं की त्या फॉर्मचे पुढचे प्रश्न भरून घ्यायचे, आणि शंका राहिली तर आधी डॉक्टरांची चिठ्ठी. यात दोन-चार लोक हातचे जातात, जाऊ देत. मधुमेहाच्या आहाराचं मी बोलतच नाही, ओळखीच्या आहारतज्ज्ञांकडे पाठवतो. त्यांच्याकडूनही लोक येतात, आणि अशा आलेल्या लोकांशी फीबद्दल घासाघीस करावी लागत नाही.

कुठल्याही ॲपने जे करून दिलं नाही ते म्हणजे समोर बसून आकडा सांगणं. हे फक्त सरावाने येतं. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. पूर्वी त्या शांततेत मीच 'बघू, कमी करू' म्हणून मोकळा व्हायचो. आता 'थोडं कमी करा ना' असं आलं तर दर तोच ठेवून सेशन कमी करतो, बाराऐवजी आठ, किंवा नवरा-बायकोला एकत्र घेतो. जोडीची फी एकट्यापेक्षा जास्त असते, ती दोघांनी वाटून घेतली तरी माझ्या तासाला जास्तच पडतात.

एकट्याने चालवायचं असेल आणि पंधरा-वीस क्लायंट असतील तर एवढी सामग्री भरपूर आहे. हाताखाली दुसरा ट्रेनर घेतला की ही शीट अपुरी पडेल, कोणाचं सेशन कोणी घेतलं याचा हिशेब त्यात धड बसत नाही. सध्या मला दुसरा ट्रेनर नकोच आहे. एप्रिलपासून दर वाढवतोय, जुन्या क्लायंटना महिनाभर आधी तसा मेसेज गेलाय. तिघांनी उत्तर दिलेलं नाही, त्यातले दोघे बाणेरचे.