सडा की आगर, डिश की प्लेट?

कोकणात काजू किंवा आंब्याच्या पल्पचं छोटं युनिट आहे, लाकडाचा खर्च परवडत नाही, म्हणून पाणी तापवायला किंवा वाफ करायला सोलर बसवायचा विचार चाललाय. विक्रेता आधी यंत्र दाखवतो. तुम्ही आधी जागा बघा.

आगरात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या माडांच्या बागेत, सगळं हाताशी असतं: पाइप आखूड, वाऱ्याला माडांचा आडोसा. पण तेच माड सकाळ-संध्याकाळचं ऊन खातात, आणि सोलरच्या काचेवर नारळ पडला की काय होतं ते सांगायला नको. शिवाय समुद्राची खार. सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, आभाळ मोकळं, खार थोडी कमी; मात्र वारा अंगावर येतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हापासून तरी स्टँड नुसता टेकवून ठेवू नये, काँक्रीटमध्ये गाडावा. युनिट खाली आणि सोलर वर असेल तर लांब पाइपात उष्णता जाते. तेव्हा युनिट सड्यावर असेल तर सडाच, खाली असेल तर युनिटचंच सावली नसलेलं छप्पर.

आता यंत्र. शिर्डीच्या प्रसादालयात 16 चौरस मीटरच्या 73 डिशवर (ऊन एका जागी गोळा करणाऱ्या वाटीसारख्या आरशांवर) वाफ तयार होते, हे उदाहरण हमखास ऐकाल. शिर्डी पर्जन्यछायेत आहे. डिशला थेट किरणच लागतात. आपल्याकडच्या दमट, धुरकट हवेत ते विखुरतात. आरशांच्या कडा खाऱ्या हवेनं काळ्या पडतात, त्या वेगळ्या. साधी फ्लॅट प्लेट, म्हणजे काचेखाली नळ्या असलेली सपाट पेटी, विखुरलेला उजेडही घेते, पण तिच्यापासून वाफेची अपेक्षा नको. 60 ते 80 अंशांचं पाणी, बस. व्हॅक्यूम ट्यूब (हवा काढून घेतलेली दुहेरी काचेची नळी) त्याहून गरम करते, पण तिचा खरा फायदा थंडीत, आणि कोकणात थंडी ती किती!

मग 80 अंशांचं पाणी बॉयलरला दिलं तर? 28 अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 612 किलोकॅलरी लागतात. त्यातल्या सोलरकडून 52 मिळतात, म्हणजे बारावा हिस्सा. काजूवाल्यांकडे टरफलं फुकट जळतात, त्यांनी एवढ्यासाठी खर्च करू नये. टरफलं तेलवाल्याला विकत असाल तर हिशेब पुन्हा मांडा. पल्पवाल्यांचं तसं नाही: बाटल्या, क्रेट, भांडी धुवायला गरम पाणी लागतंच. तिथं प्लेट घ्या. 100 लिटरला 2 चौरस मीटर धरा.

प्लेटचा उतारही कामावर ठरतो. रत्नागिरीत 8 मेच्या सुमारास सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, म्हणून पल्पच्या हंगामासाठी 10 अंश पुरे. डिसेंबरच्या पाहुण्यांसाठी होमस्टेवर बसवणार असाल तर 25 ते 30, तोंड दक्षिणेला.

राहिलं पाणी. मचूळ पाण्यानं प्लेटच्या तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार धरतो आणि साध्या, 304 प्रतीच्या स्टीलच्या टाकीला भोकं पडतात. तिथं मात्र ट्यूब बरी, किंवा हीट एक्स्चेंजर (प्लेटमध्ये वेगळं चांगलं पाणी फिरवून त्याची फक्त उष्णता विहिरीच्या पाण्याला देणारा) आणि खाऱ्याला जास्त टिकणाऱ्या 316 स्टीलची टाकी. तपासायला विहिरीचं पाणी मे महिन्यातलं द्या. दिवाळीत तीच विहीर गोड लागते.