स्टिकर रेबाचं, फोर्क टोराचा: जुनी माउंटन बाइक घेणाऱ्यांनी हे वाचा

पुण्यात वापरलेली माउंटन बाइक घेताना माझी फसवणूक झाली. पैसे गेले त्याचा राग आहेच. पण ती सायकल माझ्या भाच्यासाठी होती, तो रोज वेताळ टेकडीवरून उतरतो, आणि विकणाऱ्याला पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा भाग, आतून संपलेला आहे हे पक्कं ठाऊक होतं, याचा राग जास्त आहे. ठाऊक होतं असं का म्हणतो, ते पुढे येईलच.

जाहिरातीत 26 इंची चाकं, ॲल्युमिनियमची फ्रेम, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि 'रॉकशॉक्स रेबा, फुल सर्व्हिस्ड' असं लिहिलेलं. किंमत 34 हजार. रेबा म्हणजे रॉकशॉक्स कंपनीचा 2005 च्या सुमारास आलेला, हवेवर चालणारा, हलका आणि चांगल्या डॅम्परचा (उसळी ऑइलने आवरणाऱ्या भागाचा) फोर्क. इतकी वर्षं झाली तरी जाणकार त्याला मान देतात. सांगितलेल्या किमतीतला मोठा वाटा त्या एका नावाचा होता.

विकणारा मुलगा अदबीने बोलणारा. "सर, गेल्या महिन्यातच सर्व्हिस केलीय, बिल आहे माझ्याकडे." बिल खरंच होतं. त्यावर 'सर्व्हिसिंग' एवढंच लिहिलेलं. चेन धुतली की फोर्क उघडला, ते त्यातून कळायला मार्ग नाही. फोर्कच्या खालच्या पायांत सरकणाऱ्या वरच्या नळ्या चकचकीत होत्या, त्यांच्याभोवतीच्या सीलवर ताजं ऑइल दिसत होतं, हँडल दाबलं की मऊ खाली जाऊन परत वर येत होतं. लॉकआउटच्या, म्हणजे हँडलवरून फोर्क कडक करायच्या खटक्याच्या, रिमोटची केबल मात्र काढलेली होती. "शे-दीडशेचं काम आहे सर, नवीन टाकून घ्या." अशी केबल मुद्दाम काढलेली असू शकते. लॉकआउट लावल्यावर धड असलेला फोर्क जवळजवळ हलत नाही. ज्याच्या डॅम्परमधलं ऑइल गळून गेलंय, तो मात्र लॉकआउट लावूनही पचपच आवाज करत खाली जातो. खटकाच फिरवता आला नाही, तर गिऱ्हाईक ही तपासणी करणार कशी?

भाच्याने सायकल टेकडीवर नेली आणि दोन गोष्टी लगेच जाणवल्या. पुढचा ब्रेक दाबला की खट्ट असा आवाज यायचा. आणि सकाळी हवा भरून निघावं, तर संध्याकाळपर्यंत हँडल चांगलं बोटभर खाली आलेलं असायचं. फोर्क उघडून काम करणारे मेकॅनिक पुण्यातही मोजकेच आहेत. त्यांतल्या एकाकडे सायकल नेली. त्याने आधी पाना नाही, लोहचुंबक काढला आणि वरच्या नळीला लावला. चुंबक घट्ट चिकटला.

"दादा, रेबाच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. ही पोलादाची आहे."

तो रॉकशॉक्सचाच टोरा होता, त्या काळातला खालच्या किमतीचा फोर्क. दोन्हींच्या नळ्या 32 मिलिमीटर व्यासाच्या, बाहेरचा घाटही मिळताजुळता, त्यामुळे खालच्या पायांना काळा रंग मारून रेबाची स्टिकरं लावली की फोटोत फरक कळत नाही. असली स्टिकरं ऑनलाइन सर्रास मिळतात. आमच्या स्टिकरवर ठळक 'ड्युअल एअर' छापलेलं होतं. ड्युअल एअरला हवेचे दोन व्हॉल्व्ह असतात, एक डाव्या पायाच्या वर आणि दुसरा त्याच पायाच्या तळाशी. आमच्याकडे तळाशी व्हॉल्व्ह नव्हताच. क्राउनच्या, म्हणजे दोन्ही नळ्या वर जोडणाऱ्या भागाच्या, मागे सिरीयल नंबर असतो, तिथे कुणीतरी घासून जागा गुळगुळीत केलेली. या नंबरवरून फोर्क कोणता ते शोधता येतं, म्हणजे तो घासायचं कारण एकच उरतं.

मग फोर्क उघडला. खालच्या पायांत वंगणासाठी थोडं ऑइल असावं लागतं, मॉडेलप्रमाणे साधारण 5 ते 15 मिलिलिटर. आमच्या फोर्कातून तपकिरी, पाणीमिश्रित चिखल निघाला. सीलखालच्या स्पंजच्या कड्या वाळून कडक झालेल्या. बुश, म्हणजे नळी ज्यांतून सरकते त्या पायांतल्या कड्या, झिजून नळीभोवती सैल झालेले, तो खट्ट आवाज त्यांचाच. आणि नळ्यांच्या मागच्या बाजूला गंजाचे बारीक खड्डे. त्यांत ग्रीस भरून वरून पॉलिश मारलेलं! हे करणाऱ्या हाताला ते खड्डे दिसले होते, बोटाला लागलेही होते. म्हणून म्हटलं, त्याला ठाऊक होतं. अशा नळीवर नवं सील घातलं तर खड्ड्यांच्या कडा तेही कापून टाकतात. नळ्या, बुश, सील, डॅम्पर असा हिशेब मांडला, तर त्या फोर्कच्या किमतीहून खर्च जास्त होत होता.

यावरून जुना फोर्क म्हणजे टाकाऊ असा अर्थ काढू नका. वयापेक्षा आतली रचना आणि निगा महत्त्वाची. 1997 च्या मार्झोकी बॉम्बर झेड-1 या फोर्कमध्ये पोलादी स्प्रिंग आणि भरपूर मोकळं ऑइल होतं. तेच ऑइल डॅम्पिंगही करायचं आणि वंगणही द्यायचं. सील आणि ऑइल बदलून असे फोर्क आजही चालवणारे लोक आहेत. उलट त्याच दशकातल्या कित्येक फोर्कांमध्ये स्प्रिंगऐवजी इलास्टोमरचे, म्हणजे रबरासारख्या पदार्थाचे, ठोकळे असायचे. ते वापर असो वा नसो, काळानेच दगडासारखे होतात किंवा चिकट चुरा होऊन बसतात. 1995 च्या रॉकशॉक्स जुडी फोर्कात तर इलास्टोमरही होते आणि लवकर फुटणारी डॅम्परची कार्ट्रिजही. असा फोर्क 'एकदाही टेकडीवर नेला नाही' म्हणून कुणी विकत असेल तर त्या वाक्याला काही किंमत देऊ नका. हवेच्या फोर्कांचं सगळं सीलवर अवलंबून. रॉकशॉक्सच्या हल्लीच्या वेळापत्रकात दर 50 तासांच्या वापराला खालचे पाय उघडायचे आणि 200 तासांना डॅम्पर व हवेची बाजू, असं सांगितलेलं आहे. आपल्याकडे हे पाळणारा मालक शोधावा लागतो. मुंबईत किंवा कोकणात राहिलेली सायकल असेल तर मॅग्नेशियमच्या खालच्या पायांवर रंगाला फोड आलेत का, विशेषतः तळच्या बोल्टांपाशी, ते बघाच. फोडाखाली धातू पिठासारखा झालेला असतो, आणि नवा रंग मारला की काही महिने ते झाकलं जातं.

चुंबक खिशात ठेवा, पण तो चिकटला म्हणजे फसवणूक असंही नाही. पोलादी नळ्यांचे प्रामाणिक फोर्कही असतात, रॉकशॉक्सचाच रेकॉन सिल्व्हर पोलादी आणि रेकॉन गोल्ड ॲल्युमिनियमचा. स्टिकर एक सांगतंय आणि चुंबक दुसरं, तर थांबा. नळ्या कोरड्या फडक्याने पुसायला सांगा आणि मागच्या बाजूने नख फिरवा. नख अडकलं तर तिथून ऑइल बाहेर येणार. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट सील आणि नळीच्या सांध्यावर ठेवा. हालचाल तिथे जाणवली तर बुश गेलेत, वर हेडसेटपाशी, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगपाशी, जाणवली तर ते किरकोळ काम आहे. रिबाउंडचा खटका दोन्ही टोकांना फिरवून फोर्क दाबा, परत येण्याचा वेग स्पष्ट बदलला पाहिजे. क्राउनमधून करकर आवाज आला तर फोर्क घेऊच नका. स्टिअररची, म्हणजे वर हँडलकडे जाणारी, नळी तिथे दाबून बसवलेली असते, ती सैल झाली तर घरी काही करता येत नाही, आणि उतारावर ती दगा देणं म्हणजे थेट तोंडावर पडणं.

हवा टिकते का हे पाहताना एक चूक होते आणि तिच्यामुळे भल्या विक्रेत्यावरही संशय येतो. शॉकपंप (फोर्कमध्ये हवा भरायचा पंप) पुन्हा जोडला की फोर्कमधली थोडी हवा पंपाच्या नळीत जाते, त्यामुळे आकडा आधीपेक्षा कमीच दिसतो. म्हणून आकड्यावर जाऊ नका. हवा भरल्यावर चाकाच्या आसापासून क्राउनपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा. विकणारा सायकल एक रात्र तशीच ठेवायला तयार नसेल, तर त्यातूनच काय ते समजा.

पैसे परत मागितले तेव्हा तो मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही बघूनच घेतलीत ना." मग त्याने फोन उचलणं बंद केलं आणि शेवटी नंबर ब्लॉक केला. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि उघडलेल्या फोर्कचे फोटो लावून मी जाहिरातीच्या ॲपकडे तक्रार केली, ती जाहिरात निघाली. भाच्याच्या सायकलला आता मेकॅनिकने साधा, न हलणारा क्रोमोली पोलादाचा फोर्क बसवून दिलाय.

पण काही आठवड्यांत तीच पिवळी भिंत मागे असलेली दुसरी जाहिरात दिसली, दुसऱ्या नावाने, वेगळी सायकल आणि पुन्हा 'फुल सर्व्हिस्ड'. फोटो सगळे समोरून आणि उजवीकडून घेतलेले. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी अशी सायकल बघत असेल, तर जाण्याआधी तीन फोटो मागवा: क्राउनच्या मागचा सिरीयल नंबर, नळ्यांची पुसलेली मागची बाजू आणि डाव्या पायाचा तळ. हे फोटो टाळले गेले तर जाऊ नका.