ऑडेशियस, सीमस की एमपीडी? कमांडवरून गाणी चालवायची तर काय घ्यावं

लिनक्सवर हलका प्लेअर निवडताना बहुतेक जण कमांडच्या याद्या शेजारी ठेवून बघतात. त्यातून काही ठरत नाही. गाणं थांबवणं, पुढचं लावणं, आवाज कमी-जास्त करणं ऑडेशियस, सीमस आणि एमपीडी या तिघांनाही येतं. खरा प्रश्न कमांड कुठून देणार हा आहे: समोरच्या कीबोर्डवरून, एसएसएचने (दूरच्या मशीनचं टर्मिनल उघडून) दुसऱ्या मशीनवरून, की पहाटे, ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमधून?

खिडकी आणि माऊस हवाच असेल, तर ऑडेशियस. डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये एखाद्या बटणाला ‘ऑडेशियस -टी’ जोडा, चालू-बंद होऊ लागेल. बारीक कामाला सोबतचा ऑडटूल आहे: ‘ऑडटूल करंट-साँग’ नाव छापतो, ‘ऑडटूल सेट-व्हॉल्यूम ३०’ आवाज तीस टक्क्यांवर आणतो. दोघांतला एक फरक ध्यानात ठेवा. प्लेअर बंद असेल तर ‘ऑडेशियस -टी’ तो उघडते, ऑडटूल मात्र एरर देऊन थांबतो.

सीमस टर्मिनलमध्येच राहतो आणि खिडकी मिटली की गाणंही बंद पडतं. म्हणून तो टीमक्समध्ये, म्हणजे खिडकी मिटली तरी आतलं काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवावा. ‘सीमस-रिमोट -यू’ने गाणं थांबतं किंवा पुन्हा सुरू होतं, ‘-एन’ने पुढचं लागतं, ‘-व्ही +५%’ने आवाज वाढतो. कॅपिटल क्यू दिलात तर फाइल, टॅग, सेकंदांतला कालावधी सगळं ओळीओळीने मिळतं. स्क्रिप्टमध्ये वापरायला हे सोयीचं.

एमपीडीची मांडणीच वेगळी. वाजवणारा सर्व्हर पार्श्वभूमीला, आणि एमपीसी ही वेगळी कमांड त्याला ६६०० या पोर्टवरून हुकूम देते. ‘एमपीसी टॉगल’ दिलं की गाण्याच्या नावाखाली ‘[प्लेइंग] #३/४२ १:१२/४:०५ (२९%)’ अशी ओळ येते: बेचाळिसांतलं तिसरं, चार मिनिटं पाच सेकंदांपैकी एक मिनिट बारा सेकंद झाले. फाइल नुसती फोल्डरमध्ये टाकून चालत नाही. आधी ‘एमपीसी अपडेट’, मग म्युझिक डिरेक्टरीपासूनचा पाथ देऊन ‘एमपीसी ॲड’.

नवखे लोक एमपीडी सोडून देतात ते बहुधा इथे: डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेज बसवलं की सिस्टिमची एमपीडी सेवा आपोआप सुरू होते. ती एमपीडी नावाच्या वेगळ्या युजरखाली चालते. तिला तुमच्या होम फोल्डरमधली गाणी वाचता येत नाहीत, आणि वाचता आली तरी आवाज तुमच्या साउंड सर्व्हरपर्यंत पोचेलच असं नाही. वर ६६०० पोर्ट अडवून बसते ते वेगळंच. सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून सिस्टिमसीटीएलने सिस्टिमची सेवा आणि तिचं सॉकेट (जोडणीची जागा) दोन्ही ‘डिसेबल --नाउ’ करा, आपली कॉन्फिग फाइल होममध्ये लिहा, मग ‘सिस्टिमसीटीएल --युजर एनेबल --नाउ एमपीडी’. नंतरही ‘व्हॉल्यूम: एन/ए’ दिसलं, तर ऑडिओ आउटपुटच्या ब्लॉकमध्ये मिक्सर टाइप ‘सॉफ्टवेअर’ लिहावा.

आता क्रॉन. सकाळी सहाला भूपाळी लावायची आहे असं धरा. टर्मिनलमध्ये बिनतक्रार चालणारी ऑडटूलची ओळ क्रॉनमध्ये फसते, कारण डीबसचा, म्हणजे प्रोग्राम एकमेकांशी ज्यातून बोलतात त्या वाटेचा, पत्ता सांगणारा व्हेरिएबल क्रॉनला मिळत नाही. तो ओळीतच द्यावा लागतो; युजर क्रमांक १००० असेल तर ‘युनिक्स:पाथ=/रन/युजर/१०००/बस’. सीमस-रिमोटचंही तसंच. रनटाइम फोल्डरचा व्हेरिएबल नसला की तो सॉकेट भलत्याच ठिकाणी शोधतो आणि सीमस चालू असूनही चालू नाही म्हणतो. ‘--सर्व्हर’पुढे सॉकेटचा पूर्ण पाथ दिला की काम होतं. शिवाय क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. ‘४०%’ लिहायचं तर चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवीच.

एमपीसीला यातलं काही लागत नाही. पोर्ट ठरलेला, पत्ता ठरलेला. ‘एमपीसी क्लिअर’, ‘एमपीसी लोड पहाट’, ‘एमपीसी प्ले’ या तीन कमांड ओळीने पुरतात. ‘पहाट’ ही आधी सेव्ह केलेली प्लेलिस्ट. तुम्ही लॉगिन नसतानाही गाणं लागायला हवं, तर ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ एकदा द्या, नाहीतर युजरची सेवा लॉगआउटबरोबर बंद होते.

म्हणून आमचं मत असं: क्रॉन किंवा घरातलं दुसरं मशीन मध्ये येणार असेल तर एमपीडीवर एक संध्याकाळ घालवावी. नुसत्या कीबोर्डच्या बटणांसाठी एवढा खटाटोप करू नये. तिथे ऑडेशियस पाच मिनिटांत लागतो. टीमक्स दिवसभर उघडाच असतो, त्यांनी सीमस घ्यावा.