विमानाचं अंतर सांगणारी वेबसाइट: किलोमीटर चोख, तास मात्र ढोबळ

लेक जपानात नोकरीला आहे, त्यामुळं मुंबई ते नारिता (टोकियोचा विमानतळ) हा प्रवास आमच्या घरात सारखा चर्चेत असतो. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ दाखवणारी एक फुकट वेबसाइट आम्ही त्यासाठी वापरतो.

अंतराबद्दल तक्रार नाही. मुंबई–नारिता सुमारे 6,780 किलोमीटर दाखवते, ते बरोबर आहे. नकाशावरची रेघ धनुष्यासारखी वाकलेली दिसते म्हणून बुचकळ्यात पडू नका. घरातल्या पोरांच्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, सगळ्यात जवळचा रस्ता तोच निघतो. विमान ठरलेल्या हवाई मार्गानं जातं, त्यामुळं प्रत्यक्षात थोडं जास्त कापतं, एवढंच.

खरी अडचण तासांची आहे. जाताना 8 तास 56 मिनिटं आणि येतानाही 8 तास 56 मिनिटं! ताशी 800 किलोमीटरच्या आसपासचा वेग धरायचा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, की झाला हिशेब. वारा त्यात कुठंच नाही. जपानच्या आकाशात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा झोत, वाहतो, हिवाळ्यात ताशी 200 किलोमीटरच्याही पुढं. जाताना तो विमानाला मागून रेटतो, येताना समोरून अडवतो. म्हणून थेट विमानाला जायला साधारण आठ तास लागतात आणि यायला दहाच्या घरात.

दोन तासांनी काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. आमच्या आईंना इन्सुलिन आहे. त्या नातीकडं जायच्या म्हटल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला, "विमानात नेमके किती तास? आणि उतराल तेव्हा तिथं किती वाजलेले असतील?" वेबसाइटचा आकडा बाजूला ठेवून आम्ही विमान कंपनीचं वेळापत्रक त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी कागदावर दोन रकाने आखले, एकात आपलं घड्याळ, दुसऱ्यात साडेतीन तास पुढचं जपानचं. जेवण आणि इंजेक्शन दोन्ही रकान्यांत लिहिलं, आणि परतीचा कागद वेगळा केला. पूर्वेला जाताना दिवस आखूड होतो, परतताना लांबतो, त्यामुळं एकच कागद दोन्हीकडं चालत नाही. तो कागद आईंनी पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवला.

आणखी एक सांगते. ही वेबसाइट विमान आहे की नाही, हेही बघत नाही. कोल्हापूर ते सिंगापूर टाकलं तर 3,670 किलोमीटर, पाच तास. उजळाईवाडीहून (कोल्हापूरचा विमानतळ) चांगी (सिंगापूरचा विमानतळ) हे अंतर मुंबईपेक्षा अडीचशे किलोमीटरनं कमी भरतं, हे वाचून बरं वाटतं. पण उजळाईवाडीहून सिंगापूरला विमानच सुटत नाही. आधी रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची, तिथून विमानतळ, तिथं तीन तास आधी हजेरी. तेवढा वेळ कोल्हापूरकरानं स्वतःच धरायचा.

अंतरासाठी जरूर वापरा. तासांसाठी जाण्याचं आणि येण्याचं वेळापत्रक वेगवेगळं बघा, विशेषतः सोबत वयस्कर माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर. पाचपैकी तीन तारे देते. जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगळा दाखवायला लागले, तर चौथाही लगेच देईन.