बिलात फुल इंजिन, गाडीत जुनेच पिस्टन

माझ्या गाडीच्या इंजिनाचं बिल दोन पानी होतं. सिलिंडर बोअरिंग (सिलिंडरचं आतलं भोक, म्हणजे बोअर, कापून मोठं करणं), ०.५० ओव्हरसाइज (अर्धा मिलिमीटर मोठे) पिस्टन आणि रिंगा, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंडिंग, त्याची मेन आणि बिग एंड बेअरिंग, हेडचं (सिलिंडरांवरच्या झाकणाचं) काम, गॅस्केटचा पूर्ण सेट, मजुरी. यातलं प्रत्यक्षात झालं ते एवढंच: हेड उतरवलं, खालचं ऑइल चेंबर काढलं, स्वस्तातल्या रिंगा घातल्या, सगळं परत बसवलं आणि वरून जाड ऑइल ओतलं. बाकीचं काम कागदावरच झालं. 'इंजिन करायचं (म्हणजे खोलून दुरुस्त करायचं) की बदलायचं' या पेचात जे आत्ता सापडले आहेत आणि ज्यांच्या हातात पैसे मोजकेच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गाडी जुनी, पण बॉडी, गिअरबॉक्स, सस्पेन्शन धडधाकट. तक्रार एकच, ऑइल पीत होती. दोन सर्व्हिसच्या मध्ये टॉप-अप करावं लागायचं आणि मागून निळसर धूर यायचा. गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, तोंडावर तळवा धरला, "बघा साहेब, बॅक मारतंय" (आतली हवा वर फेकतंय) म्हणाला आणि निकाल दिला, इंजिन गेलं. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज त्याच्या भिंतीवर टांगलेलं होतं. ते खाली उतरलं नाही.

मग तीन आकडे आले. पहिला नव्या इंजिनाचा, जवळपास गाडीच्या किमतीएवढा. दुसरा भंगारातून आणलेल्या जुन्या इंजिनाचा, पण तो सांगताना स्वतःच तोंड वाकडं केलं, "त्याची गॅरंटी मी नाही घेणार." तिसरा फुल इंजिन कामाचा, बरोबर मधला. असे तीन आकडे समोर आले की मधला शहाणपणाचा वाटतो, आणि ते सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. चौथा पर्याय, म्हणजे आधी मोजमाप करून मगच ठरवायचं, तो कुणी बोलूनच दाखवला नाही.

पुढची पायरी म्हणजे "खोलून तर बघू". हेड उतरलं की गाडी जागची हलत नाही. दुसरीकडे न्यायची तर टो करावी लागते, वर खोलायची मजुरी द्यावी लागते आणि डब्यात भरलेले सुटे नट-बोल्ट घेऊन जावं लागतं. त्यानंतर फोन सुरू होतात. "क्रँकला रेघा आहेत." "हेड वाकलंय." "बोअर ओव्हल झालाय." प्रत्येक वाक्य खरं असू शकतं, म्हणून तर ते खपतं. आकडा मात्र एकाही वाक्यात नसतो. ओव्हल म्हणजे किती? मोजलं कशाने? बोअर गेजवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचं माप येतं आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा छापलेली असते. हेडवर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालायला पाच-दहा मिनिटं लागतात. माप कागदावर लिहून मागा. जो नुसता हात फिरवून "गेलंय" म्हणतो, त्याच्याकडे खोलायला गाडी ठेवू नका.

गाडी परत मिळाली तेव्हा धूर बंद होता. सकाळी स्टार्टर जरा जड फिरायचा, बस. जाड ऑइल आणि ते आणखी घट्ट करणारी बाटली यांनी हा चमत्कार काही आठवडे टिकतो. मग इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि पाठोपाठ धूरही परतला. गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं, "नवीन रिंगा आहेत साहेब, बसायला वेळ लागतो." यातलं अर्धं खरं आहे. नव्या रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बोअरशी जुळतात आणि तोवर थोडं ऑइल जास्त जाऊ शकतं. पण ऑइल प्रेशरच्या दिव्याचा रिंगांशी काही संबंध नाही. गरम इंजिनाचं प्रेशर पडतं ते पंप, गाळणी किंवा बेअरिंगमुळे, आणि ही बेअरिंगं तर बिलात नवीकोरी होती.

दुसऱ्या मिस्त्रीने काही खोलायच्या आधीच मला इंजिन गाडीला धरून ठेवणारे माउंटिंगचे बोल्ट दाखवले. त्यांच्यावर वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेल यांचा कडक थर जसाच्या तसा होता. "इंजिन खाली उतरलंच नाही," तो म्हणाला. ब्लॉकचं (सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाचं) बोअरिंग लेथवाल्याकडे, बोअरिंग मशीनवर होतं, त्यासाठी ब्लॉक पूर्ण मोकळा करून न्यावा लागतो. क्रँक घासायचा तर तोही बाहेर काढावा लागतो. माउंटिंगला पाना न लागता या दोन्ही गोष्टी होऊ शकत नाहीत. दोन पानी बिलातल्या मोठ्या रकमा इथेच खोट्या ठरल्या.

चेंबर काढल्यावर बाकीचं दिसलं. ऑइल पंपाच्या गाळणीत करड्या सिलिकॉनचे तुकडे अडकले होते. चेंबर चिकटवताना ते भरमसाट लावलं होतं, आत निघालेलं सुटून ऑइलबरोबर फिरलं आणि जाळीवर जाऊन बसलं. दिव्याचं कारण हे. क्रँकला धरून ठेवणाऱ्या मेन कॅपच्या बोल्टांवर जुन्या ऑइलचा तपकिरी लेप, पाना बसल्याची एकही चकाकी नाही. हेड उतरवून पिस्टन बाहेर काढले तर माथ्यावरचा कार्बन खरवडलेला, आणि त्याखाली स्पष्ट अक्षरं, एसटीडी. म्हणजे स्टँडर्ड, कारखान्यातल्या मूळ मापाचा. ओव्हरसाइज पिस्टनवर ०.२५, ०.५० असं माप कोरलेलं असतं. ऑइल रिंगच्या खाचेतली परतीची भोकं कार्बनने बुजलेली होती, ती साफ करण्याचे कष्टही कुणी घेतले नव्हते. आणि बोअर आरशासारखा गुळगुळीत. होनिंग केलेल्या (दगडाने हलकं घासलेल्या) बोअरमध्ये एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी दिसते. त्या रेघांत ऑइल टिकतं आणि त्यांच्यावरच नव्या रिंगा बसतात. गुळगुळीत बोअरमध्ये घातलेल्या नव्या रिंगा नुसत्या घसरत राहतात.

मग त्याने बोअर गेज लावलं. झीज मर्यादेच्या आत होती. जे बोअरिंग झालंच नव्हतं, त्याची गरजही नव्हती. हे कळल्यावर मला राग कमी आला आणि हसू जास्त.

त्या गॅरेजात परत गेलो तेव्हा आधी "पिस्टन नवीनच आहेत, पण स्टँडर्ड मिळाले" असं झालं. अर्धा मिलिमीटर मोठ्या केलेल्या बोअरमध्ये स्टँडर्ड पिस्टन घातला तर तो खडखडा वाजेल, एवढं मला तोवर कळत होतं. मग लेथवाल्याची चिठ्ठी मागितली. "तो बिल देत नाही." जुने पार्ट? "भंगारात गेले." क्रँक ग्राइंडिंगचे पैसे बऱ्याच वादावादीनंतर परत मिळाले. पिस्टनच्या बाबतीत ठाम नकार आला, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे इंजिन दुसरीकडे खोललं तेव्हाच त्याची जबाबदारी संपली. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्याकडे खोलायच्या आधी पहिल्याला लेखी कळवून हजर राहायला सांगावं. नाहीच आला तर नंबर प्लेटपासून इंजिन नंबरपर्यंत आणि तिथून उघडलेल्या इंजिनापर्यंत कॅमेरा न थांबवता व्हिडिओ घ्यावा. सुट्या फोटोंवर "हे इंजिन तुमचंच कशावरून?" हा प्रश्न हमखास येतो.

जुने पार्ट परत मागा, असं सगळेच सांगतात. पण चलाख माणूस दुसऱ्याच गाडीचे झिजलेले पिस्टन पिशवीत घालून देतो, म्हणून खोलताना हजर राहून आपल्या पार्टांवर पेंटची खूण करून ठेवलेली बरी. नव्या बेअरिंगच्या पाठीवर माप छापलेलं असतं. बसवण्यापूर्वी त्याचा फोटो मागायला लाजू नका. लेथचं बिल वेगळं, त्यांच्याच नावाचं, बोअरच्या मापांसकट हवं.

आता मूळ प्रश्न. पैसे कमी असतील तर पहिला खर्च तपासणीवर करावा, तो एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो. निळा धूर नेमका केव्हा येतो ते स्वतः बघा. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना किंवा बराच वेळ आयडलवर ठेवून रेस दिल्यावर भपकन आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हवरून ऑइल खाली सिलिंडरमध्ये झिरपू न देणारी सील). चढावर, दाबून चालवताना सतत आला तर रिंगांवर. टर्बो असेल तर तोही ऑइल फेकू शकतो. झाकणातून बॅक मारणं हा रिंगांचाच पुरावा नव्हे, क्रँककेसची हवा बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला तरी तसंच होतं, आणि तो बदलणं हे अगदी हलकं काम आहे.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, इंजिन गरम असताना, प्रत्येक सिलिंडरची. सिलिंडरांमधला फरक साधारण दहा ते पंधरा टक्क्यांच्या आत असावा. ज्याचं कमी येईल त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंग-बोअर, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. याहून पक्की म्हणजे लीक-डाउन टेस्ट. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून फुसफुसते ते ऐकतात. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. यांपैकी एकाही टेस्टसाठी हेड उतरवावं लागत नाही. बऱ्याच इंजिनांवर व्हॉल्व्ह सीलसुद्धा हेड न काढता, सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून बदलता येतात. हे सांगायला माझ्या गॅरेजवाल्याला परवडलं नसतं.

ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील तर माझं मत इंजिन करण्याच्या बाजूने आहे, कारण आत काय घातलं ते तुम्ही पाहू शकता. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, ब्लॉकला तडा असेल किंवा क्रँक शेवटच्या अंडरसाइजपलीकडे (घासून बारीक करायच्या मर्यादेपलीकडे) गेला असेल, तर मात्र बदलणंच स्वस्त पडतं. बेअरिंग चुरा होऊन गेलं असेल तर धातूचा कीस ऑइलच्या सगळ्या वाटांमध्ये आणि ऑइल कूलरमध्ये शिरलेला असतो. तो न काढता केलेलं काम पुन्हा वाया जातं.

जुनं इंजिन घेणार असाल तर त्याच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर गाडीला असतो, इंजिनाला नसतो. त्याचंही कॉम्प्रेशन समोर मोजून घ्या आणि प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा आत सोडून बोअर बघा. इंजिन नंबरच्या जागी ग्राइंडर फिरल्याच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा, मग किंमत कितीही कमी असो. गॅरंटी दिली तरी ती बहुधा इंजिनापुरतीच असते. ते बाद निघालं तर उतरवून दुसरं बसवायची मजुरी तुमच्याच गळ्यात पडते, म्हणून हे आधीच लिहून घ्या. आणि इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकची ऑइल सील बदलून टाका. नंतर याच कामांना मजुरी कितीतरी जास्त लागते.

माझ्या गाडीचं पुढे एवढंच झालं: होनिंग, स्टँडर्ड मापाच्याच चांगल्या रिंगा, खाचा साफ, व्हॉल्व्ह सील, बिग एंड बेअरिंग, नवी गाळणी आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं पातळ ऑइल. सगळं मिळून पहिल्या बिलाच्या निम्म्याहून कमी. एसटीडीवाला एक पिस्टन मागून घ्यायचं मनात होतं, पण ते चारही परत इंजिनात गेलेत आणि व्यवस्थित चालताहेत.