घरी केलेली पीसी सिंक केबल, सात महिने वापरून

मामांनी बेळगावात शहापूरचा स्टुडिओ बंद केला तेव्हा त्यांचा याशिका मॅट १२४जी हा जुना रोलचा कॅमेरा माझ्याकडं आला. कॅमेरा अजून ठणठणीत हाय, पण त्याला हॉट शू, म्हणजे फ्लॅश थेट वर बसवून उडवायची खाच, नाही, फ्लॅश लावायचा तर कॅमेरा आणि फ्लॅश जोडणारी पीसी सिंक केबल पाहिजेच, आणि केबल काही टिकेना. ऑनलाइन मागवलेल्या दोन्ही पाच-सहा महिन्यांत गेल्या आणि गेल्याचं कळलं कधी तर रोल धुऊन आल्यावर. १२० च्या रोलवर बाराच फोटो, त्यातले पाच काळे, ते पण बहिणीच्या डोहाळजेवणाचे. लै लागलं ते मनाला.

मग दोन्ही केबली ब्लेडनं चिरून बघितल्या. तार दोन्हींची एकाच जागी तुटलेली, प्लगच्या मानेपाशी. पुढचं तोंड, म्हणजे मधली पिन आणि बाहेरची कडी, अगदी चांगलं. म्हणून ठरवलं की तोंड तेच ठेवायचं, मान आपण करायची.

उद्यमबागेत ओळखीचे एक लेथवाले अण्णा हायत, त्यांच्याकडं पितळी रॉडमधून मागची टोपी करून घेतली. ते म्हणाले, "एका नगासाठी सेटिंग लावायला परवडत नाही रे, दहा तरी घे की." घेतल्या दहा. तार आरजी-१७४ घेतली, बारीक कोअॅक्स असते ती, म्हणजे मधे एक तार आणि तिच्याभोवती तारेची जाळी, साधारण पावणेतीन मिलिमीटर जाडीची. आतली तार पिनला, बाहेरची जाळी कडीला. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवायचं नाही, आतलं प्लॅस्टिक मऊ होतं आणि पिन तिरकी बसते, माझी दोन तोंडं त्यात वाया गेली. मानेवर हीटश्रिंक स्लीव्हचे, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळीचे, तीन थर दिले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा लांब, म्हणजे तार एकाच जागी न मोडता हळूहळू वाकते. सगळं काम खरं तर ह्या मानेतच हाय.

रोल घालायच्या आधी मल्टिमीटरवर बघा. मीटर बझरवर ठेवायचा, केबल कॅमेऱ्याला लावून दुसऱ्या टोकाला प्रोब, शटर बी वर, म्हणजे बटण दाबून धरलं तोवर उघडं राहतं ते. बटण दाबून धरलं की बीप, सोडलं की गप्प. न दाबताच वाजला तर कुठंतरी जाळीचा केस पिनला चिकटलाय. आणि ज्या कॅमेऱ्याला एम-एक्सचा खटका असतो त्यावर तो एक्स वरच पाहिजे, एम जुन्या बल्बसाठी, त्यावर आपला इलेक्ट्रॉनिक फ्लॅश शटर उघडायच्या आधीच उडतो आणि दोष केबलला जातो.

पहिली खरी परीक्षा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत झाली. रात्रीची गर्दी, कुणाचा तरी हात अडकून केबल जोरात ओढली गेली, तर ती कॅमेऱ्यातून नुसती निघून आली, तार शाबूत. असंच पाहिजे, ओढ बसली तर प्लग सुटावा, तार तुटू नये. परत खोचली आणि पुढचे सगळे फोटो आले.

पावसाळ्यात मात्र त्रास झाला. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत हाय, खानापूरकडं तर विचारूच नका. ऑगस्टमध्ये कडीवर हिरवट थर आला, फ्लॅश तीनदा दाबला की दोनदा उडायचा. पेन्सिलच्या खोडरबरानं घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, लगेच सुरळीत. तेव्हापासून सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात ठेवतो. कडी पण थोडी सैल झाली होती, बारीक पकडीनं अगदी हलकी दाबून घेतली. जोर लावला तर ती चपटी होते आणि मग कशातच बसत नाही.

याशिकाचं शटर लेन्समधल्या पात्यांचं, म्हणजे लीफ शटर असल्यानं १/५०० सेकंदाला पण फ्लॅश धरतो, त्यामुळं भर दुपारी टिळकवाडीत झाडाखाली पोर्ट्रेट काढले, चेहऱ्यावरच्या सावल्या छान भरल्या. निपाणीच्या मित्राला एक केबल दिलीय, तो पेंटॅक्स के१००० वर वापरतो, त्याचा फ्लॅश १/६० सेकंदापर्यंतच धरतो, त्याची पण काही तक्रार नाही. पण जुना फ्लॅश डिजिटलला लावायचा असेल तर आधी त्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, जुन्या विव्हिटार २८३ च्या काही नगांत २०० च्या वर भरतं, जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याला चालून जातं, डिजिटलची सर्किट जाऊ शकते.

अण्णांच्या चार टोप्या अजून शिल्लक हायत, चांगली तोंडं मिळेनात. कुणाकडं मानेतून तुटलेली जुनी केबल पडली असेल तर टाकू नका, मला द्या, दुरुस्त करून परत देतो.